मानवशास्त्रात पदवी: खान्देशातील विद्यार्थ्याने काय करावे?

प्रश्न (शहादा): मी बारावी कला शाखेत आहे. मानवशास्त्र समाजशास्त्राहून नेमके कशात वेगळे आहे आणि ते शिकण्यासाठी घर सोडावेच लागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (पुणे): ताई, मानवशास्त्रात संस्कृतीबरोबरच माणसाची शारीरिक उत्क्रांती, भाषा आणि पुरातत्त्व यांचाही अभ्यास येतो, त्यामुळे सकाळी कवटीची मापे घेणारा विद्यार्थी पुढे एखाद्या पाड्यावर राहून कुटुंबांच्या वंशावळ्याही टिपतो. दिल्ली विद्यापीठात हा विषय विज्ञान शाखेत शिकवला जातो, म्हणून प्रवेशाच्या अटी आधी नीट वाचाव्यात.

उत्तर (धुळे): पदवी याच विषयाची हवी, हा आग्रह मला पटत नाही. इरावती कर्वे यांनी पदवीला तत्त्वज्ञान घेतले होते आणि मानवशास्त्रातील संशोधन पुढे बर्लिनमध्ये केले. जवळच्या महाविद्यालयात समाजशास्त्र किंवा इतिहास घेऊन पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याला जाता येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र वैकल्पिक विषय आहेच, परंतु केवळ त्यासाठी तीन वर्षे घालवू नयेत.

उत्तर (नंदुरबार): शहाद्याला राहून क्षेत्रकार्याची चिंता कशाला? तापीकाठच्या प्रकाशे येथे उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले आहेत, आणि धडगावकडे पावरा व भिल्ल समाजांची गावे आहेत. मात्र तेथे प्रश्नावली घेऊन जाण्यापूर्वी पावरी बोली शिकावी. आपली अहिराणी तेथे फारशी कामाला येत नाही, हे मी स्वतः ओशाळून शिकलो.