मदत हवी आहे: गोव्यातल्या डिचोली भागात मराठी-कोंकणीतून व्यसनमुक्तीची साप्ताहिक बैठक सुरू करायची आहे

आमच्या वाड्यावरचे तिघे जण बांबोळीच्या मनोरुग्णालयात उपचार घेऊन दारू सोडून परत आलेत. औषधं, तपासणी नियमित चालू आहे. प्रश्न गावात परतल्यानंतरचा आहे. काजूचा हंगाम तोंडावर आलाय. एप्रिल-मेमध्ये घराघरात हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू) असतो, आणि तिघांपैकी एकाचं पोट तर काजूच्या बागायतीवरच आहे. 'काम सोड' हा सल्ला त्याला परवडणारा नाही.

आम्ही मंडळाची पाच-सहा माणसं आळीपाळीने संध्याकाळी त्यांच्यासोबत बसतो. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवरही बोललो, त्यांनी धीर दिला, माहिती दिली. म्हापशाच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) बैठकीला तिघांना दोनदा नेलं, पण रात्री परतीची बस मिळत नाही. शिवाय तिथं बोलणं बरंचसं इंग्रजीत झालं, हे गप्पच बसून राहिले.

म्हणून गावातच बैठक घ्यायचं ठरवतोय. देवळाचा सभामंडप मिळेल, पण तिथं बसलं की सगळ्या गावाला कळतं. घरच्या बायकांना तर तेवढ्यासाठीच यायचं नाही, आणि खरं तर त्यांनाच मोकळं बोलायची सर्वांत जास्त गरज आहे. पैसे फारसे नाहीत. अजून पीत असलेल्यांना आम्ही घरी एकदम बंद करायला सांगत नाही. फिट येऊ शकते, आधी डॉक्टर, हे पक्कं माहीत आहे.

लहान गावात अशी बैठक कुणी चालवली आहे का? जागा कुठली निवडलीत, नाव गुप्त कसं राखलंत, आणि घरच्यांची बैठक वेगळी घेतलीत की एकत्र?