पुनवेनंतर चंद्र दिसेचना, मुलीची वही अर्धवट राहिलीय

शहापूरची_आई:
मुलगी सहावीत आहे, महिनाभर रोज चंद्र बघून वहीत चित्र काढायचंय. महाशिवरात्रीनंतरच्या अमावास्येपासून सुरू केलं, रोज रात्री आठला गच्चीवर जायचं, शिमग्याच्या पुनवेपर्यंत मस्त चाललं आणि आता तीन दिवस झाले चंद्रच नाही, आभाळ तर स्वच्छ आहे. अजून एक, पहिल्या दिवसांतली कोर होडीसारखी आडवी दिसलेली पण पुस्तकात उभी आहे म्हणून तिनं खोडून तशीच काढली, बरोबर काय?

खानापूरकर:
ताई, चंद्र आहे की, उशिरा निघायलाय. पुनवेला सूर्य मावळताना उगवतो, मग रोज साधारण 50 मिनिटं उशीर. संकष्टीला आज्ज्या नऊपर्यंत उपाशी बसतात त्या ह्यामुळंच. अष्टमीला तर मध्यरात्र होते, तेवढं पोरीला जागवू नका. आता पहाटे बघा, शाळेला जातानाही पश्चिमेकडं फिकट दिसतोय, लोक वर बघतच नाहीत.

येळ्ळूर_गडाखाली:
खोडायला नको होती वहिनी, पोरीचंच बरोबर होतं! पुस्तकातली चित्रं बहुतेक लांब उत्तरेकडच्या देशातली. आपलं बेळगाव 16 अंशाच्या आसपास, ह्या दिवसांत संध्याकाळी सूर्य कोरीच्या जवळजवळ सरळ खाली असतो म्हणून उजेडाची बाजू खाली. परत होडीच काढायला सांगा. आणि नुसता आकार नको, वेळ, दिशा आणि उंची पण लिहा. हात ताठ करून मूठ धरायची, एक मूठ म्हणजे 10 अंश, लहान पोराची मूठ लहान पण हातही लहान त्यामुळं हिशोब जमतो. रोज एकाच वेळी बघितलं तर चंद्र मूठभर आणि वर थोडा पूर्वेला सरकलेला सापडेल.

शहापूरची_आई:
हे भारी आहे. पण कॅलेंडरात कधी कधी मधलीच तिथी गायब असते ती कशी?

येळ्ळूर_गडाखाली:
ती मूठभर आणि थोडं म्हणजेच तिथी. सूर्यापासून चंद्र 12 अंश पुढं गेला की एक तिथी संपली. चंद्राचा वेग कमीजास्त होतो म्हणून तिथी कधी 19-20 तासांची तर कधी 26 तासांची, आणि दिवसाला नाव सूर्योदयाच्या तिथीचं. दोन सूर्योदयांच्या मधेच सुरू होऊन संपली की क्षय. म्हणून वहीत कॅलेंडर बघून काही भरू नका, दिसलं तेवढंच.

शहापूरची_आई:
तीन रिकाम्या पानांवर तिनं आत्ताच लिहिलं, "रात्री 8, आभाळ स्वच्छ, चंद्र दिसला नाही." उद्या सहाला गच्चीवर जातोय.

खानापूरकर:
पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला पण बघा. कोरीबरोबर उरलेला गोलपण अंधुक दिसेल, तो पृथ्वीवरून गेलेला उजेड.