‘नशा उतरली’ म्हणजे नेमकं काय उतरलं?

पाणचक्की

माझ्या आतेभावानं एलएसडी हे भास घडवणारं नशेचं रसायन दोनदा घेतलं. आयुष्यात दोनदाच. दुसऱ्या खेपेला आता सहा महिने झाले. परवा गप्पा मारता मारता तो मध्येच थांबला, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, ही भिंत तुला हलताना दिसत नाही ना?" मी नाही म्हटलं. "हलत नाहीये हे मलाही कळतं गं. पण दिसते हलताना."

यावरून घरात दोन तट पडलेत. मोठ्यांच्या मते पोरगं वेडं झालं. त्याच्या मित्रांच्या मते बारा तासांत सगळं उतरतं, बाकी तुझ्या डोक्यात आहे. (डोक्यातच आहे, पण ते म्हणतात त्या अर्थानं नाही.) गेले काही आठवडे मी यावर वाचतेय, डॉक्टरांशीही बोलले. दोन्ही तट चुकताहेत असं माझं मत झालंय.

एलएसडीचा अंमल आठ ते बारा तास, नशा आणणाऱ्या मशरूममधल्या सायलोसायबिनचा चार ते सहा. तेवढ्या वेळात रंग वितळणं, आवाज ‘दिसणं’, पाच मिनिटांचा तास होणं, बाहुल्या विस्फारणं, छाती धडधडणं हे व्हायचंच. कुणाला त्यातच मरणाची भीती वाटते, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटतं. ती बॅड ट्रिप, आणि तीही बहुतेकदा उतरते. विकार म्हणायचं ते अंमल संपूनही काही मागे राहिलं तर.

मागे राहणाऱ्या गोष्टी दोन जातींच्या. एकीत हलत्या वस्तूमागे शेपूट दिसतं, दिव्यांभोवती कडी दिसतात, नजरेच्या कोपऱ्यात काहीतरी सरपटतं, पण हे खरं नाही याची जाणीव शाबूत असते. डॉक्टर याला एचपीपीडी म्हणतात. दुसरीत ती जाणीवच जाते. बातम्या देणारा माझ्याबद्दलच बोलतोय, माझ्या जेवणात कुणीतरी काही घातलंय, कानाशी कुणी सतत टोमणे मारतंय. हा सायकोसिस. दोरी आणि सापाचा जुना दाखला घ्या: पहिल्याला दोरीच्या जागी साप दिसतो पण ती दोरी आहे हे ठाऊक असतं, दुसरा काठी घेऊन धावतो.

माझा खरा राग आहे तो "याचं व्यसन लागत नाही" या वाक्यावर. वाक्य खोटं नाही. दारू-अफूसारखी तलफ याची लागत नाही, आणि रोज घेतलं तर काही दिवसांतच अंमल चढेनासा होतो. पण व्यसन लागत नाही म्हणजे इजा होत नाही, असा त्याचा अर्थ लावून पोरं बिनधास्त होतात. इजेला रोजचा रतीब लागत नाही, एखादी खेप पुरते.

फटकळ

लेखन चांगलं, निष्कर्ष घाबरट.

आतेभावाबद्दल वाईट वाटलं, पण एका माणसावरून किती ताणणार? २०१३ साली अमेरिकेतल्या १ लाख ३० हजार प्रौढांच्या पाहणीचं विश्लेषण छापून आलं. त्यातल्या जवळजवळ २२ हजारांनी कधी ना कधी अशी द्रव्यं घेतलेली होती. ती घेणं आणि मानसिक आजार यांचा संबंध सापडला नाही. त्याच्याही आधी १९६० मध्ये सिडनी कोहेन या मनोविकारतज्ज्ञानं सुमारे पाच हजार लोकांना दिलेल्या एलएसडी आणि मेस्कलिन या तशाच भासक द्रव्याच्या २५ हजार मात्रांचा हिशेब मांडला होता. निरोगी स्वयंसेवकांत ४८ तासांपेक्षा जास्त टिकलेला सायकोसिस हजारी एकापेक्षाही कमी.

एलएसडी शोधणाऱ्या खुद्द हॉफमनचं बघा. १९ एप्रिल १९४३, अडीचशे मायक्रोग्रॅम घेऊन सायकलवरून घरी. दूध घेऊन आलेली शेजारीण त्याला चेटकीण वाटली, आपण वेडे झालो असं वाटलं. डॉक्टर आले, विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी गडी ताजातवाना. पुढे वयाच्या १०२ वर्षांपर्यंत जगला.

आणि आज हेच सायलोसायबिन नैराश्यावर वापरून बघताहेत. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना परवानगीही दिली. विष असतं तर दिली असती?

सरळसोट

एवढं काथ्याकूट कशाला? नशा ती नशा. घेऊ नका, विषय संपला. लक्षणांच्या याद्या वाचून उलट पोरांची उत्सुकता वाढते.

निशाचर

@सरळसोट, "घेऊ नका" हे घेण्याआधी सांगायचं. मला माणसं भेटतात ती घेतल्यानंतर. तातडीच्या विभागात रात्रपाळी करतो.

@फटकळ, आकडे बरोबर आहेत, पण ते कुणाचे हेही सांगा. २०१३ची पाहणी घरोघरची होती. मनोरुग्णालयात किंवा तुरुंगात असलेला माणूस दार उघडायला घरी नसतो, त्यामुळे ज्याचं सगळ्यात जास्त बिघडलं तोच मोजणीतून गळतो. कोहेनचे स्वयंसेवक डॉक्टरांच्या नजरेखाली होते, आणि त्याच अहवालात आधीच उपचार घेणाऱ्या रुग्णांमधलं प्रमाण दुपटीहून जास्त आहे, ते तुम्ही गाळलंत. नैराश्यावरच्या आजच्या चाचण्यांत तर ज्याला किंवा ज्याच्या जवळच्या नात्यात कुणाला सायकोसिस झालाय त्याला सहसा घेतच नाहीत. चाळणीतून निवडलेले दाणे दाखवून अख्ख्या पोत्याची हमी कशी देता?

कॅनडातल्या ओंटारिओचा २०२४चा अभ्यास बघा. भासक द्रव्य घेऊन जे तातडीच्या विभागात आले, त्यांच्यातल्या ४ टक्क्यांना पुढच्या तीन वर्षांत स्किझोफ्रेनियाच्या जातीचं निदान झालं. सर्वसाधारण लोकांत हेच ०.१५ टक्के. वय आणि लिंग हिशेबात धरून एकवीस पट.

फटकळ

एकवीस पट हा मथळ्याचा आकडा. त्याच अभ्यासात आधीचे मानसिक आजार आणि इतर नशा हिशेबात धरल्यावर तो साडेतीन पटींवर येतो. आणि जो भेदरून रुग्णालयात पोचला तो घेणाऱ्यांपैकी मुळातच नाजूक. तुमची चाळणी उलटी, एवढंच.

शिवाय स्किझोफ्रेनिया सुरू होतो तो साधारण विशीच्या आगेमागे. मशरूम खाऊन बघायचं वयही तेच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

निशाचर

साडेतीनवर येतो, मान्य. साडेतीन म्हणजे शून्य नव्हे, एवढं तुम्हीही माना. फांदी आधीच पोखरलेली असेल, पण कावळ्याचं वजन काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही.

ते राहू द्या, मला जे रोज लागतं ते सांगतो. माणूस आला की तो किती विचित्र बोलतोय हे मी आधी बघत नाही. त्याला आपण कुठे आहोत आणि कोणता दिवस आहे हे सांगता येतंय का, ते बघतो. एलएसडी-मशरूमवाला बहुधा सांगतो. रडत, थरथरत, पण सांगतो. शांत खोली, मंद उजेड, एकच माणूस हळू आवाजात बोलणारा, गरज पडली तर शांत करणारं, बेंझोडायझेपिनच्या गटातलं औषध. निम्मं काम खोलीच करते. चार जणांनी धरून ठेवलं की तोच माणूस उसळतो.

धोतऱ्याचं बी खाल्लेला वेगळा. अंग तापलेलं, कातडी लाल नि कोरडी, तोंडाला कोरड, लघवी अडलेली. तो हवेतून न दिसणारे धागे वेचत बसतो. एकानं माझ्यादेखत नसलेली सिगारेट पेटवली, झुरका मारला, राख झटकली आणि बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसला. दुसऱ्या दिवशी त्याला यातलं काही आठवत नव्हतं. हा मेंदूचा गोंधळ आहे, डिलिरियम, आणि यात जीव जातो. ‘भासाची नशा’ म्हणून सगळं एका पिशवीत कोंबू नका.

कागदाच्या चौकोनावर एलएसडी म्हणून एनबोम नावाची भलतीच रसायनं विकली जातात, हेही आहेच. त्यांनी माणसं दगावली आहेत. आणि मूडच्या आजारावरची लिथियमची गोळी चालू असताना ही द्रव्यं घेतलेल्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. हे दोन मुद्दे तुमच्या हॉफमनच्या सायकलीत बसत नाहीत.

धाकटी

मला दोन्ही बाजूंना काहीतरी सांगायचंय.

माझ्या भावानं एका सहलीत मशरूम खाल्ले. परत आला तो झोपेनाच. तीन-चार दिवसांनी फोनचं सिमकार्ड काढून मिठाच्या बरणीत पुरून ठेवलं, "आता ऐकू दे त्यांना" म्हणाला. रुग्णालयात नेलं. औषधांनी दहा-बारा दिवसांत बराच निवळला, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला की हे मशरूममुळे झालं. म्हणजे आमच्या घरात काही नाही. मशरूम गेले, आजार गेला. आम्हीच त्याची औषधं बंद केली.

पुढे जे झालं ते लिहीत नाही. दीड वर्षानं स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. तेव्हा डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं आणि मग आम्हाला आठवायला लागलं, की सहलीच्या आधीच्या वर्षभरात त्यानं मित्र तोडले होते, अंघोळ टाळायला लागला होता, खोलीचा दिवा लावू द्यायचा नाही. आम्ही त्याला अभ्यासाचा ताण म्हणत होतो.

तेव्हा फटकळ यांचं "आधीच होतं" खरं असेल. पण आमची दीड वर्षं गेली ती "नशेमुळेच झालं, आता संपलं" या समजुतीत. नशेला दोष देण्यात केवढा दिलासा असतो, हे कुणी बोलत नाही.

निशाचर

@धाकटी, लिहिल्याबद्दल खरंच आभार. यात तुमच्या घरच्यांची चूक धरू नका, हा घोळ आमच्याही लोकांकडून होतो. ढोबळ नियम असा, की द्रव्य शरीरातून गेल्यावर महिनाभरानंतरही सायकोसिस टिकला तर फक्त नशेला जबाबदार धरून थांबायचं नाही. आणि महिन्याच्या आत निवळला तरी पाठपुरावा सोडायचा नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये केलेल्या विश्लेषणात, भासक द्रव्यांमुळे सायकोसिस झालेल्यांपैकी साधारण चौघांतल्या एकाचं निदान पुढे स्किझोफ्रेनिया असं बदललं. म्हणजे तिघांचं बदललं नाही, हेही तितकंच खरं. पण तो चौथा कोण, हे पहिल्या दिवशी ओळखू येत नाही.

आधीच्या वर्षाची चौकशी हाच सगळ्यात उपयोगी धागा. एकटं पडणं, झोपेची उलटापालट, संशय, स्वच्छतेकडे दुर्लक्ष. आणखी एक खूण: नुसत्या द्रव्यानं होणाऱ्या भासांत डोळ्यांना दिसणारं जास्त असतं. कानात आवाज येणं, विशेषतः आपल्याबद्दल आपसात बोलणारे आवाज, हे दिसलं की आम्ही जास्त सावध होतो. खूण आहे, कायदा नाही.

फटकळ

धाकटी, तुमच्यापुढे वाद घालायचा नाही. मशरूमऐवजी परीक्षा किंवा प्रेमभंग निमित्त झाला असता, असं मला अजूनही वाटतं. पण घरात कुणाला असा आजार असेल तर घेऊ नये, इथवर मी आलो.

सरळसोट

म्हणजे शेवटी मी म्हणत होतो तेच!

फटकळ

नाही. तुम्ही कारण विचारू देत नव्हतात.

हिमकण

इतका वेळ नुसती वाचत होते. पाणचक्की, तुमच्या आतेभावाला जे होतंय ते मला सात वर्षं होतंय. आकडे बाजूला ठेवून जरा आतून सांगते.

जुन्या टीव्हीवर वाहिनी गेली की ठिपके उडायचे ना, तसा एक पातळ पडदा सगळ्यावर असतो. अंधारात दाट, निळ्या आकाशावर सर्वांत त्रासदायक. पांढऱ्या कागदावरच्या काळ्या ओळी वाचून नजर वर केली की त्या ओळी भिंतीवर तरंगतात. हात हलवला की मागे हातांच्या चार-पाच फिकट प्रती. ट्रिप सुंदर झाली होती, हे मुद्दाम सांगते. बॅड ट्रिप झाली तरच असं होतं हा गैरसमज आहे. आणि हे काही नवं नाही. मेस्कलिन घेतल्यावर उजेड-सावली आणि रंग यांबद्दल डोळे बराच काळ हळवे राहिले, असं हॅवलॉक एलिस या इंग्रज डॉक्टर-लेखकानं १८९८ सालीच लिहून ठेवलंय. आजाराला अधिकृत यादीत जागा मात्र १९८७ मध्ये मिळाली.

ठिपक्यांपेक्षा मला दोन गोष्टींनी छळलं. एक, आपण काचेच्या पलीकडे आहोत आणि आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा येतोय असं वाटणं. दुसरी, तपासत राहण्याची खोड. दिवसातून पन्नासदा भिंतीकडे बघायचे, अजून हलतेय का? बघितलं की हलायचीच. झोप कमी झाली, गांजा ओढला किंवा ताण आला की सगळं दुप्पट.

पहिल्या डॉक्टरांना मी भास होतात एवढंच सांगितलं आणि त्यांनी सायकोसिसचं औषध दिलं. त्यानं माझे ठिपके वाढले. अशा औषधांनी काही जणांची लक्षणं वाढल्याच्या नोंदी आहेत, हे मला दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून आतेभावाला सांगा: "मला भास होतात" म्हणू नकोस. "मला दिसतं, पण ते खरं नाही हे मला कळतं," असं पूर्ण वाक्य म्हण. काय घेतलं, कधी घेतलं, तेही न लपवता. डोळ्यांचे आणि मेंदूचे डॉक्टरही एकदा बघू देत, कारण मायग्रेनमध्ये किंवा फिट्सच्या आजारातही असं दिसू शकतं.

पाणचक्की

हिमकण, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. काचेच्या पलीकडे असल्याचं वाक्य आल्यावर म्हणाला, थांब, परत वाच. मग विचारलं, यांचं जातं का कधी?

हिमकण

काहींचं काही महिन्यांत जातं. माझं गेलं नाही. पण दिवसातून पन्नासदा बघायचे, त्या जागी आता आठवड्यातून एखाद्या वेळी आठवण येते. हे लिहिताना आली, म्हणून आत्ता भिंत हलतेय.