१९९१नं रॉकचे फक्त कपडे बदलले?

सहा_तारा:
काल इथे एकानं लिहिलं, '१९९१मध्ये रॉकचे फक्त कपडे बदलले. अंगाला चिकटणारं स्पॅन्डेक्स गेलं, फाटकी जीन्स आणि चौकड्यांचा शर्ट आला, बाकी सगळा एमटीव्ही या गाण्यांच्या चॅनेलचा धंदा.' वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

१९९०मध्ये मी गिरगावात गिटार शिकत होतो. दीड वर्ष स्केल्स (सुरांचे आरोह-अवरोह) घोटली, बोटं सोलपटली, तरी एक गाणं पुरतं येईना. आवडणाऱ्या प्रत्येक गाण्यात मधोमध सोलोचा, म्हणजे एकट्या गिटारच्या करामतीचा डोंगर उभा! शेवटी गिटार माळ्यावर गेली. मग मित्रानं निर्वाणा या बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमची कॅसेट दिली. त्यातल्या 'टीन स्पिरिट' गाण्याच्या मुख्य रिफमध्ये (परत परत येणाऱ्या तुकड्यात) चारच पॉवर कॉर्ड, म्हणजे दोन-तीन तारांचे सोपे कॉर्ड. बोटांचा आकार तोच, हात फक्त सरकवायचा. सोलो म्हणजे त्यांचा गायक कर्ट गातो तीच चाल. माळ्यावरून गिटार काढली आणि त्याच आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा अख्खं गाणं वाजवलं. हे कपड्यांनी होतं का?

रंगभवनचा_जुना:
ते मीच लिहिलं होतं आणि एक शब्द मागे घेणार नाही. तुम्हाला जमेना म्हणून सगळ्यांनी सोपं वाजवायचं का? जून १९९१मध्ये आमच्या सोलोवाल्या स्किड रो बँडचा अल्बम पहिल्याच आठवड्यात बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत, एक नंबरला होता. सप्टेंबरमध्ये गन्स एन' रोझेसचे दोन अल्बम एकाच दिवशी आले आणि पहिले दोन नंबर घेऊन बसले. लोक या संगीताला कंटाळले होते असं सगळे म्हणतात, ते कुठले लोक? चॅनेलवाल्यांनी नळ बंद केला आणि सोलो मेला. मी वीस वर्षं शिकवतोय. पोरांना आज सोलो वाजवायची लाज वाटते, याचं मला फार दुःख आहे.

बेसवाली:
सोलो मेला? निर्वाणाच्याच लाटेतल्या पर्ल जॅम बँडचं 'अलाइव्ह' शेवटपर्यंत ऐका. तेही १९९१चंच.

आणि चार्टचं म्हणाल तर मे १९९१पर्यंत बिलबोर्डवाले दुकानदारांना विचारून यादी लावायचे. मग साउंडस्कॅन आलं, काउंटरवर बारकोड वाचून खरा खप मोजायला लागले. तुमचे स्किड रो त्याच मोजणीत वर आले आणि जानेवारी १९९२मध्ये मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ओढणारा 'नेव्हरमाइंड'ही त्याच मोजणीत. एक आकडा खरा आणि दुसरा धंदा, असं कसं?

सिअॅटलकर:
त्या चौकड्यांच्या शर्टाला फॅशन म्हणू नका हो. ही लाट जिथून आली त्या अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये अकरा वर्षं राहतोय. ऑक्टोबर ते मे नुसती रिपरिप, हवा सर्द. फ्लॅनेल, म्हणजे मऊ उबदार कापडाचा तो चौकडीचा, हा इथल्या लाकूडतोड्यांचा शर्ट, जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळायचा. पैसे नसलेली पोरं तेच घालणार ना?

रंगभवनचा_जुना:
मग डिझायनर मार्क जेकब्सनं पेरी एलिस या फॅशन कंपनीसाठी तोच शर्ट रेशमात करून रॅम्पवर का आणला?

सिअॅटलकर:
तो शो नोव्हेंबर १९९२चा. शर्ट आधी, रॅम्प नंतर. आणि कंपनीनं त्याला काढूनही टाकलं. तारखा बघा आणि मग बोला.

रंगभवनचा_जुना:
तारखा मला शिकवू नका. आमच्या मुंबईच्या उकाड्यात पोरं फ्लॅनेल घालून घामानं निथळत होती, ती काय थंडी वाजत होती म्हणून?

बेसवाली:
त्यातली एक मी. फ्लॅनेल नव्हतं, बाबांचा जुना सुती चौकडीचा शर्ट होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशावर शाईचा डाग. त्याआधी या संगीतात बाई म्हणजे व्हिडिओत गाडीच्या बॉनेटवर लोळणारी, एवढंच मी बघितलेलं. त्या ढगळ शर्टात कॉलेजच्या स्टेजवर चढले तेव्हा लोक पहिल्यांदा माझ्या बोटांकडे बघत होते. म्हणून 'फक्त कपडे' हा शब्द मला लागतो, काका.

पाचगणी_९१:
त्याच १९९१मध्ये २४ नोव्हेंबरला क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेला. आपल्या पाचगणीत शिकलेला पोरगा. त्याच्याबद्दल एक ओळ नाही, शर्टावर मात्र रामायण.

सहा_तारा:
पाचगणी, त्याचा वेगळा धागा काढा, मी पहिला येईन. इथे नको.

रंगभवनचा_जुना:
बेसवाली, शर्टाचं तुमच्यापुरतं मान्य. 'अलाइव्ह' आत्ता परत ऐकलं, सोलो आहे आणि चांगला आहे, तेही मान्य. पण सहा_तारा, सरांकडे अजून सहा महिने टिकला असतात तर तोही वाजवला असतात.

सहा_तारा:
सहा महिन्यांची फी घरून मिळाली नसती. चार कॉर्डना फी लागली नाही.