मदत हवी आहे: मुरबाडच्या वरकस जमिनीत वैरणीसाठी कोणतं गवत लावावं?

वर्तकनगरकर

नमस्कार मंडळी. मी राहतो ठाण्यात, गाव मुरबाड तालुक्यात. तिथली खाचरं चुलतभाऊ बघतो. त्याच्याकडे दोन म्हशी आणि एक गाय. खाचरांच्या वर दीडेक एकर वरकस आहे. उतार, मुरूम, वर वीतभर माती. पूर्वी नाचणी-वरी व्हायची, आता नुसतं रान माजतं.

पावसाळ्यात हिरव्याला तोटा नाही. भाताचा पेंढा होळीपर्यंत पुरतो, पुढे वैरण विकत. म्हणून वरकसात चांगलं गवत लावून, ते वाळवून गंज रचावी असं दादाच्या मनात आहे. रोपवाटिकेवाला म्हणतो नेपिअर (उंच, जाड दांड्याचं चाऱ्याचं गवत) लावा, पाच वर्षं कापत राहा. पण वरकसाला पाणी नाही. विहीर खाली खाचराच्या बांधाला, तीही मार्चपर्यंतच. नेपिअर तिथे जगेल का? सध्या कुसळीच जास्त आहे, दिवाळीनंतर जनावरं तिला तोंड लावत नाहीत. सगळं नांगरून काढावं का? आणि कापणी नेमकी कधी? गवत तयार होतं तेव्हाच भातकापणी, माणूस मिळत नाही.

जाता जाता: सोसायटीत दोन इमारतींमधलं लॉन दरवर्षी मरतं. त्याचंही सांगितलंत तर उत्तम, पण आधी म्हशी.

रानमाळ

वरकसात नेपिअर नको. त्याला पाणी आणि खत दोन्ही भरपूर लागतं. कोरड्या मुरमावर पावसाळ्यात वाढेल आणि जानेवारीत बसेल. शिवाय जाड दांड्यामुळे नीट वाळत नाही, त्याची कुट्टी करा नाहीतर मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा). विहिरीजवळ पाच-दहा गुंठे असतील तर तिथे जरूर लावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत हा वाण चांगला आहे. दोन डोळ्यांची कांडी, ३ बाय २ फुटांवर, जूनमध्ये. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, पुढे दीड-दीड महिन्याने. बुडखा वीतभर ठेवून कापा.

वरकसात मारवेल गवत लावा आणि सोबत स्टायलो. स्टायलो द्विदल आहे, हलक्या जमिनीत तग धरतं आणि वैरणीत प्रथिनं वाढवतं. बियांचं कवच मात्र कडक. ८० अंशांच्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटं, मग रात्रभर गार पाण्यात, तरच उगवण बरी होते. एकरी तीन-चार किलो पुरे. गवताचं बी हलकं, वाऱ्याने उडतं, म्हणून ओलसर वाळूत किंवा चाळलेल्या शेणखतात मिसळून वरच्यावर पेरा. खोल गेलं की गेलं.

सगळं नांगरू नका हो! उतारावरची तुमची ती वीतभर माती पहिल्याच मोठ्या सरीत खाचरात येईल. उताराला आडवे पट्टे काढून तेवढेच मोकळे करा, मधलं जुनं गवत राहू द्या. पहिल्या वर्षी गुरं सोडायची नाहीत.

सुगीची_काकू

कुसळीचं मी सांगते. कुसळं टणक व्हायच्या आत, फुलोऱ्यालाच कापून ओलीच घाला, गुरं खातात. नंतर ती कुसळं तोंडात टोचतात, जनावर तरी काय करणार? आणि वणवा लागू देऊ नका. जळलेल्या रानात कुसळीच जोमाने येते.

कापणीला कोकणात खरी अडचण पावसाची. गवताचा कस फुलोऱ्याला सगळ्यात चांगला, पण तेव्हा पाऊस असतो. थांबलात तर बी झडून नुसत्या काड्या उरतात. आमच्याकडे दसऱ्याच्या सुमाराला चार दिवस उघडीप दिसली की आधी गवत, मग भात. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात असेल तर उलटं करावं लागतं. कापलेलं पसरून उलटपालट करा. काडी पिळल्यावर कट्‌कन मोडली तरच गंज रचायची. दमट रचलं तर आतून तापतं, बुरशी धरतं.

रानमाळ

लॉनचं राहिलं. दुर्वांच्या जातीला ऊन हवंच. सावलीत रुंद पानांचं ॲक्झोनोपस लावा, बी नाही, मुळांसकट तुकडे टोचून. मुलं तिथे क्रिकेट खेळत असतील तर फरशी घाला.

वर्तकनगरकर

काकू, रानमाळ, आभार. बागसमितीला फरशी मान्य होणार नाही, पण सांगून बघतो. नेपिअरच्या कांड्या शेजाऱ्याच्या बांधावरून आणल्या तर चालतील ना?

रानमाळ

चालतील. तीन-चार महिन्यांच्या पक्व दांड्याच्या घ्या, कोवळा शेंडा नको. आणि काढल्यावर वाळू देऊ नका, त्याच दिवशी लावा.