पेरिस्टाइलमधली बाग: कापलेली झुडपे की अंजिराची झाडे?

जिज्ञासू७९:
इटलीतील पाँपेई या प्राचीन रोमन शहरातील वेत्तींच्या घराची छायाचित्रे पाहिली. चहूबाजूंनी खांबांची ओवरी आणि मध्ये नेटके वाफे, असा तो आतला चौक (पेरिस्टाइल) इतका रेखीव दिसतो की शंका येते. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या बागेत नेमके काय लावलेले होते, हे आज खात्रीने सांगता येते का? शिवाय तिला पाणी कुठून मिळत असे?

मूळशोध:
आपली शंका रास्त आहे. वेत्तींचे घर १८९४-९५च्या सुमारास उत्खननात उघडे पडले आणि तिथली आजची लागवड ही नंतरची पुनर्रचना आहे. खरा पुरावा असतो तो मुळांच्या पोकळ्यांत, आणि त्या पद्धतशीरपणे तपासण्याचे काम संशोधक विल्हेल्मिना जाशेम्स्की यांनी १९६०च्या दशकात हाती घेतले. मूळ कुजल्यावर उरलेल्या पोकळीत ज्वालामुखीचे बारीक खडे साचतात. ते अलगद उपसून, आत तारेचा आधार देऊन सिमेंट ओतले आणि ते घट्ट झाल्यावर भोवतालची माती दूर केली, की मुळाचा साचा हाती येतो. मृतदेहांच्या पोकळ्यांत प्लास्टर ओतण्याची पुरातत्त्वज्ञ फिओरेल्ली यांची १८६३मधली युक्तीच येथे झाडांसाठी वापरली गेली.

यातून पुढे आलेले चित्र मला फार मोलाचे वाटते. पाँपेईतल्याच ज्युलियस पॉलिबियसच्या घरातील चौकात मोठी झाडे दाटीने उभी होती, त्यांत अंजिराचीही होती. तिथेच जमिनीवर एका शिडीचा ठसा सापडला: सुमारे आठ मीटर लांब, वर निमुळती होत गेलेली, फांद्यांत शिरवून फळे काढता यावीत अशी. ओवरीतून दिसणारी शोभा आणि घरची फळे या दोन गोष्टी त्या घराने वेगळ्या मानल्या नव्हत्या, हे त्या शिडीवरून कळते.

नळपाणी:
पाण्यापुरते लिहितो. पूर्वी छपरावरचे पावसाचे पाणी पुढच्या दालनातील उथळ हौदात पडून जमिनीखालच्या टाकीत साठवले जाई, आणि त्यावर रोज शिंपावे लागणारे वाफे जगवणे कठीणच होते. सम्राट ऑगस्टसच्या काळात सेरिनोच्या झऱ्यांचे पाणी जलवाहिनीने आले, तेव्हा कारंजी शक्य झाली. वेत्तींच्या चौकात शिशाचे नळ आजही जागेवर आहेत आणि पुतळ्यांतून संगमरवरी पात्रांत पाणी पडण्याची सोय केलेली दिसते. त्यामुळे तिथली लागवड नवी असली, तरी पाण्याची मांडणी मूळचीच आहे.

जिज्ञासू७९:
दोघांचे मनापासून आभार. ज्यांच्याकडे एवढी मोकळी जागा नव्हती, ते काय करीत?

मूळशोध:
ते भिंतीवर बाग रंगवून घेत, म्हणजे अरुंद चौकही लांबवर पसरल्यासारखा भासे. मात्र जागेची अडचण हे एकच कारण नव्हते, कारण ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या, रोमजवळच्या प्रिमा पोर्ता येथील प्रशस्त वाड्यातही अशी खोली होती. तिची चित्रे आज रोममध्ये पालात्सो मास्सिमो संग्रहालयात आहेत. पाँपेईतील 'सोन्याच्या कड्याचे घर' येथील चित्र अवश्य पाहावे: त्यात गुलाबाची फांदी बोरूच्या काडीला बांधलेली आहे आणि त्या काडीवर एक पक्षी बसला आहे.