अक्कलदाढ काढलेल्यांनो, खरं काय ते सांगा

माझी खालची अक्कलदाढ आडवी आहे. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, ती शेजारच्या दाढेला रेटताना स्पष्ट दिसते. हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून काढावी लागेल म्हणतात. 'काही होत नाही गं' म्हणणारे घरात भरपूर आहेत. ज्यांनी काढलीय त्यांनी लिहा.

*

भुलीचं इंजेक्शन दुखतं. पुढे दुखत नाही, पण दाब कळतो, आणि ड्रिलचा आवाज थेट डोक्यात घुमतो. त्याची मला जास्त भीती वाटली. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तेव्हा आरशात बघून घाबरू नकोस. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ. आमच्या आजीने शेकायला तवा तापवला होता, तिला कसंबसं आवरलं!

*

माझी दाढ काढणं सोपं गेलं, त्रास नंतर झाला. दुखणं कमी होत आलेलं असताना अचानक कानापर्यंत ठणका सुरू झाला, गोळ्यांनीही थांबेना. ड्राय सॉकेट. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली की हाड उघडं पडतं. डॉक्टरांनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली, तेव्हा कुठे झोप लागली. म्हणून सांगते, सुरुवातीला स्ट्रॉ नको, जोरात थुंकणं नको, सिगारेट तर नकोच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, त्याही हलक्या.

*

मला वर अक्कलदाढेच्या मागे आणखी एक दाढ निघाली, खुंटीएवढी! ब्रश तिथे पोचेना, म्हणून दोन्ही एकदमच काढल्या. वरच्या बऱ्याचदा सोप्या जातात.

*

खालच्या दाढेची मुळं ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या किती जवळ आहेत ते आधी विचार. माझी ओपीजीत चिकटलेली वाटली म्हणून सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) करायला लावलं. तरी ओठाचा कोपरा काही महिने बधिर होता. चहा ओघळला तरी कळायचं नाही. हळूहळू मुंग्या येत पूर्ववत झालं. माझ्या मते मुख शल्यचिकित्सकाकडेच जावं, चार पैसे जास्त गेले तरी.

*

माझी सरळ आलीय, नीट घासता येते, म्हणून डॉक्टरांनी हातच लावला नाही. सगळ्यांच्याच काढायच्या नसतात.

*

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. स्वतःहून बंद मात्र करू नका.

*

आभार! आणि खायचं काय?

*

गार ताकभात, नाचणीची पेज, आइस्क्रीम. चिवड्याकडे बघूही नकोस.